उराबे तांडेलांची क्योतोवरील एका दिवसाची स्वारी

समुद्र शांत असो, वारा अनुकूळ असो. त्सुबाकी बेटावरील सार्वजनिक न्हाणीघरात जमणाऱ्या समस्त मातबर बायकांनी आम्हांस आज्ञा केली जे, उराबे यासोकिची तांडेल, वस्ती बेट मजकूर, यांनी सहकुटुंब क्योतो शहरावर स्वारी केली आणि एका दिवसात शहर घेऊन माघारे आले, ती हकीकत तोंडोतोंडी फिरून पार बिघडली आहे, तरी खरे वर्तमान लिहून ठेवावे. आम्ही या बेटावर टपाल वाटता वाटता केस पांढरे केले. कोणाचे दार केव्हा उघडते आणि केव्हा आपटते, हे आम्हांवाचून कोणास ठाऊक? सबब खुद्द तांडेलीणबाईंस विचारून, जे जाहले ते लिहितो. पदरचे काही घालीत नाही, घातलेच तर चवीपुरते मीठ.

यासोकिची तांडेल म्हणजे मोठा खंबीर पुरुष. हिनासे बंदर ते बेट ही उतारूंची लाँच त्यांनी सारी उमर हाकली आणि एवढ्या काळात कोणाची टोपीसुद्धा पाण्यात पडू दिली नाही. धुक्यात वाट चुकले नाहीत, वादळात डगमगले नाहीत. परंतु खर्चाची गोष्ट निघाली की मात्र तोंड पांढरे पडे. चहाची उकळलेली पत्ती पुन्हा पाण्यात उतरवून, "अजून दम आहे हिच्यात," ऐसे म्हणावे, आणि जे निघेल ते पाहुण्यांस पाजावे, ही त्यांची शिस्त.

त्यांस एकच कन्या, नाव मिसाओ. ती पोर सुकाणूपाशीच लहानाची मोठी जाहली. पुढे तांडेलांचे गुडघे थकले आणि लाँच कोणाच्या हाती द्यावी हा प्रश्न पडला, तेव्हा मिसाओने भर धक्क्यावर अर्ज केला, "बाबा, मी चालवते." त्यावर तांडेलांनी चार माणसांदेखत फर्मावले, "बाईमाणसाच्या हाती सुकाणू दिलं तर उतारू पोहत घरी जातील." लोक हसले. मग लाँच पुतण्यास दिली, ज्यास भरती कोणती आणि ओहोटी कोणती हे सांगावे लागे.  मिसाओ दुसरे दिवशी त्याच लाँचने गेली, क्योतो शहरी पोहोचली, रीतसर परीक्षा देऊन शहराची मोठी बस हाकू लागली. त्यास दोन साले जाहली. बापलेकीचे बोलणे बंद. घरी फोन वाजला म्हणजे तांडेल जाळी पाहावयास बाहेर जात. जाळी तर त्यांनी केव्हाच विकली होती.

आता तांडेलीण सुमिएबाई. बुद्धीने तीक्ष्ण, बोलण्यात मध. त्या आठवड्यातून एकदा कालवांच्या शेडमागे जाऊन लेकीस गुपचूप फोन करीत. त्यात एक दिवस सहज विचारल्यासारखे करून, कोणत्या वाटेने गाडी नेतेस, गुरुवारी दुपारी नदीवरच्या पुलापाशी केव्हा असतेस, ही सर्व जासुदी त्यांनी काढून घेतली. लेकीस मनसुबा कळू दिला नाही. मग शरदाचे दिवस पाहून, मेपलची पाने लाल होताच, त्यांनी घरी तोफ डागली.

"अहो, मला एकदा क्योतो बघायचंय."

"बघ की. टीव्हीवर रोज दाखवतात."

"टीव्हीवर बघून भागत असतं, तर लग्नाआधी तुमचाही नुसता फोटो बघून भागवलं असतं."

 यावर तांडेलांस तह करणे प्राप्त जाहले, आणि त्यांनी शर्ती घातल्या. पानगळीच्या हंगामात क्योतोस एका रात्रीचे भाडे ऐसे की त्यात आपल्या बेटाचा एखादा डोंगर भाड्याने मिळावा, म्हणून मुक्काम करणे नाही. वेगवान गाडी नाही, ठेसनाठेसनास थांबणारी गरिबांची गाडी तेवढी. खाणावळीत पाऊल टाकणे नाही, शिदोरी घरची. आणि ज्या देवाच्या दारात तिकीट लागते, तो देव बाहेरूनच नमस्कारावा. बाईंनी सर्व शर्ती हसतमुखाने मान्य केल्या. इतक्या लवकर तह जाहला याचा तांडेलांस संशय यावयास हवा होता. आला नाही. त्यांस वाटले, आपण जिंकलो.

मग गुरुवारी पहाटे कूच जाहले. तांडेलांनी हिरवी लोकरी टोपी चढवली, बाईंनी ठेवणीतला कोट घातला. भाताचे त्रिकोणी गोळे, आत सोयाच्या पाकात मुरलेली कालवे, आणि थर्मासात चहा, ही रसद. पुतण्याने लाँच हाकली, आणि हिनासेस पोहोचताना धक्क्यास ऐसा धक्का दिला की एका बाईची मुळ्यांची टोपली फळीवर सांडली. तांडेल दुसरीकडे पाहू लागले. बाईंनी ते पाहिले, आणि मनात नोंद करून ठेवली.

गाड्या बदलीत, ठेसनाठेसनास सलामी देत, खासा स्वारी क्योतोस दाखल जाहली. तेथे गर्दी ऐसी की पाय ठेवावयास जागा नाही. देशोदेशीचे लोक, हरएकाच्या मागे चाकांची पेटी, पेट्यांचा आवाज जणू तोफखान्याचे गाडे चालले. बाईंनी पहिल्या सपाट्यास बसचे दोन पास घेतले, दिवसभर शहरात वाटेल तितके फिरावे असे. तांडेलांनी पास उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वाटेल तितकं? मग आज वसूल करू."

पहिला मोर्चा एका मंदिराच्या बागेवर. दारात फी पाहून तांडेल थबकले आणि कुंपणावरून टाचा उंचावून पाहू लागले.

"बघ, ते लाल झाड दिसतंय. आत जाऊन तरी काय, हेच जवळून दिसणार."

"मला नाही दिसत. मी बुटकी आहे."

"मी सांगतो ना. लाल आहे."

येणेप्रमाणे ती बाग तांडेलांनी पाहिली आणि बाईंनी ऐकली. दुसरा मोर्चा टोफूच्या एका खानदानी खाणावळीवर. आत जाणे तहात नव्हते, परंतु दारातली किंमत वाचणे फुकट होते. नुसत्या पाण्यात ऊन केलेला टोफू, त्याची ती किंमत! तांडेल ऐसे ओरडले की रस्त्यावरची माणसे वळली.

"पाण्यात उकळलेला? मासासुद्धा नाही?"

तेव्हा खाणावळीची मालकीणबाई, किमोनो नेसलेली, दारात आली आणि लवून मधाळ स्वरात म्हणाली, "आज हवा किती छान आहे नाही, दारात उभं राहायला."

तांडेल खुलले. "बघ, शहरातली माणसं किती मोकळी असतात." बाईंनी त्यांस बाही धरून कोपऱ्यापार नेले आणि मग सांगितले की त्या शहरात याचा अर्थ 'वाट सोडा' ऐसा होतो. तांडेलांस हा घाव उशिरा लागला, पण खोल लागला. तिसरा मोर्चा कॉफीच्या दुकानावर. तेथे तर दारापर्यंतही गेले नाहीत. लांबून पाटी वाचूनच माघार घेतली.

मग भूक लागली आणि स्वारी कामो नदीच्या काठी उतरली. पाणी संथ, काठावर जोडपी ओळीने बसलेली. तांडेलांनी भाताचा गोळा काढला, समाधानाने तोंड उघडले आणि म्हणाले, "हे बघ. फुकट नदी, फुकट वारा, घरचं जेवण. लोक उगाच..." वाक्य पुरे जाहले नाही. आकाशातून घार ऐसी उतरली की पंखांचा फटका गालावर बसला, टोपी उडाली आणि गोळा गेला. समुद्रावर सारी उमर घारींच्या सोबतीने काढलेला तांडेल, परंतु बेटावरच्या घारींस माणसाची अब्रू ठाऊक होती. तांडेल मूठ उगारून दिसेनाशा होणाऱ्या शत्रूस शिव्या देऊ लागले. जोडपी हसू लागली. बाईंनी टोपी उचलून झटकली, आपला गोळा मोडून अर्धा त्यांच्या हाती दिला आणि दोघांनी गोळे कोटाच्या आत लपवून, चोरासारखे, खाल्ले.

"चला, परत जाऊ," तांडेल म्हणाले. "बघून झालं क्योतो."

"अजून पास वसूल कुठं झालाय?" बाई म्हणाल्या.

या एका वाक्याने मोहीम वाचली.

पुलाजवळच्या थांब्यावर दोघे उभे राहिले. एक गाडी आली, बरीच मोकळी. बाई म्हणाल्या, नको, फार गर्दी आहे. दुसरी आली, तिलाही नको म्हणाल्या, हिचा रंग बरा नाही. तांडेल चकित जाहले. "बसचा रंग? आपल्याला बस विकत घ्यायची आहे का?" बाई घड्याळ पाहीत उभ्या. मग वळणावरून आणखी एक गाडी आली, खच्चून भरलेली, आणि बाईंनी नवऱ्याचा दंड धरला.

"ही. ही बरी आहे."

क्योतोच्या बसचा शिरस्ता ऐसा की मागच्या दाराने चढावे आणि पुढच्या दाराने, चालकाच्या समोरून, पास दाखवून उतरावे. म्हणजे आत शिरणे सोपे, परंतु बाहेर पडावयास एकच खिंड आणि खिंडीत ठाणेदार बसलेला. बाईंनी हे पुरते जाणले होते. त्यांनी तांडेलांस मागून लोटले. एका सज्जन विद्यार्थ्याने जागा दिली, तांडेल बसले आणि दार मिटले. मग माइकवर आवाज आला.

"गाडी निघते आहे. दांड्या धरा."

तांडेलांचा चेहरा दगड जाहला.

"सुमिए. ही गाडी कोण चालवतंय?"

"ड्रायव्हर."

"मला उतरायचंय."

"उतरा की. दार पुढं आहे."

तांडेल ताडकन उठले. गाडी चालू होती. पुढच्या मोठ्या आरशात पांढरे हातमोजे आणि टोपीखालचे दोन डोळे दिसत होते. ते डोळे वर गेले आणि आरशात थांबले. माइक उघडाच होता, त्यातून नुसता श्वास ऐकू आला. साऱ्या गाडीस वाटले की यंत्र बिघडले. मग आवाज आला, सरकारी, सरळ:

"हिरव्या टोपीतले आजोबा, गाडी थांबेपर्यंत जागा सोडू नका."

आणि आजोबा बसले. दोन सालांनंतर बापलेकीची ही पहिली बोलणी. तीत हुकूम लेकीचा होता आणि तो बापाने मानला, हे इतिहासात नमूद असावे.

मग थांब्यामागून थांबे गेले आणि तांडेल उतरले नाहीत. उतरावे तर लेकीसमोरून जावे लागे. न उतरावे तर लेकीचे हाकणे पाहावे लागे. त्यांनी खिडकीबाहेर पाहण्याचा निश्चय केला, परंतु पाय ऐकेना. लेक वळण घेई तेव्हा तांडेलांचा उजवा पाय फळी दाबी, जणू ब्रेक त्यांच्याच जोड्याखाली आहे. चढाच्या रस्त्यावर माणसांचा पूर लोटला होता. भाड्याचा किमोनो नेसलेली एक पोरगी फोटोच्या नादात उलट्या पावली थेट गाडीपुढे आली. तांडेलांच्या तोंडून "हां!" ऐसे निघाले. परंतु लेकीने गाडी ऐसी थांबवली, जणू लाट वाळूवर येऊन आपसूक विरली. तांडेलांच्या शेजारी एक आजीबाई मांडीवर पातेले घेऊन बसली होती. पातेल्यात पाणी, पाण्यात टोफू. तांडेलांनी खाली पाहिले. पाणी हलले, काठापर्यंत चढले आणि परत बसले. थेंब सांडला नाही.

आजीबाई म्हणाल्या, "म्हणून मी या पोरीच्याच गाडीची वाट बघते. बाकीच्यांच्या गाडीत टोफू आणला तर घरी जाऊन वेचावा लागतो."

तांडेलांनी पुन्हा पातेल्यात पाहिले.

पुढच्या थांब्यावर आजीबाई उतरू लागल्या. एका हाती पातेले, दुसऱ्या हाती काठी, मागे पेट्यावाल्यांची रांग, आणि कोणी घाईने उसासा टाकला. तेव्हा माइकवर मिसाओ म्हणाली, "सावकाश, आजी. पाय टेकला की मगच हात सोडा. घाई नाही, समुद्र कुठं पळून जात नाही."

गाडीत लोक एकमेकांकडे पाहू लागले. क्योतोस समुद्र नाही. तो डोंगरांपलीकडे, बहुत दूर. एक गृहस्थ हसलासुद्धा. परंतु हे वाक्य तांडेलांचे होते. सारी उमर त्यांनी लाँचच्या फळीवर उभे राहून प्रत्येक म्हातारीस, प्रत्येक गरोदर बाईस हेच म्हटले होते. लेकीस ते कोणी शिकवले नव्हते, कोणी लिहून दिले नव्हते. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. बाईंनी खिडकीबाहेर पाहिले, आणि ज्या बागा फी देऊन पाहता आल्या नाहीत, त्या फुकट वाहत जाताना पाहिल्या.

शेवटचा थांबा आला. सर्वांनी उतरावे ऐसा हुकूम जाहला. गाडी रिकामी जाहली, आणि तांडेलांस आता खिंड चुकेना. ते उठले, दांड्या धरीत पुढे गेले, पास काढला आणि पासाकडेच पाहत दाखवला.

"धन्यवाद," मिसाओ म्हणाली. "सावकाश उतरा."

तांडेल एक पायरी उतरले. मग थांबले, आणि मागे न पाहता म्हणाले, "डावीकडं जरा जास्त घेतेस."

"बस आहे बाबा. होडी नाही."

"ते दिसतंय मला."

"दिसतंय ना? मग झालं."

मागून सुमिएबाई रडत होत्या की हसत होत्या, हे त्यांस विचारले असता त्यांनी आम्हांस सांगितले नाही.

मिसाओस जेवणाची सुटी होती. बस-आगाराच्या भिंतीशी बाकावर तिघे बसले आणि तिने आपला डबा उघडला. बापाकडे न पाहता अंड्याची गुंडाळी त्याच्या पुढे सरकवली. तांडेलांनी खाल्ली.

"गोड झालीय."

"आवडत नसेल तर ठेवा."

"नाही म्हटलं का मी?" ऐसे म्हणून दुसरीही खाल्ली.  समोर एक गाडी धुतली जात होती, ती तिघांनी ऐसी पाहिली, जणू मोठा सोहळा. अखेर तांडेल म्हणाले, "आज सकाळी पुतण्यानं धक्क्याला लाँच ठोकली."

मिसाओ दचकली. "कुणाला लागलं?"

"नाही. उतारूंना कुणाला नाही." तांडेलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला लागलं."

मिसाओने डब्याचे झाकण लावले. लावताना ते तिरके बसले. बापाने ते हातातून घेतले आणि नीट लावून दिले.

परतीची फेरी मिसाओचीच होती, ठेसनाकडे. या खेपेस तांडेल अगदी पुढच्या एकट्या जागेवर बसले, जेथे एरवी लहान मुले बसण्यास भांडतात, आणि तेथून त्यांनी कारभार हाती घेतला. थांबा आला की उठून, "चला, पुढं सरका, मागं जागा आहे!" ऐसे ओरडावे. एका परदेशी तरुणाची पेटी हिसकून कडेला लावली, तो बिचारा चोर समजून पेटीस बिलगला. एका बाईस विचारले, "हिचं चालवणं कसं वाटतं? खरं सांगा." बाई गोंधळून म्हणाली, "चांगलं आहे." तांडेल म्हणाले, "नुसतं चांगलं?" तेव्हा माइक कडाडला.

"प्रवाशांना विनंती आहे, चालकाला मदत करू नका. विशेषतः हिरव्या टोपीतल्यांनी."

गाडी हसली, आणि तांडेलही हसले. सुमिएबाई म्हणतात, दोन सालांत प्रथम.

ठेसन आले. चालकास जागा सोडण्याची परवानगी नाही, म्हणून निरोप त्या खिंडीतच जाहला. मागे रांग खोळंबली होती. तांडेलांनी पास दाखवला, घसा साफ केला, आणि भर गर्दीत, भर धक्क्यावर बोलले होते तितक्याच मोठ्याने म्हणाले, "नव्या वर्षाला ये. पहिला सूर्य बघायला सगळं बेट निघेल. माझे गुडघे धड नाहीत. होडी तू ने."

"सुकाणू मला?"

"मग काय वल्हं देऊ?"

मागचा एक गृहस्थ म्हणाला, "आजोबा, गाडी चुकेल हो आमची." त्यास तांडेल वळून म्हणाले, "घाई नाही." आणि मग पायरीवर पाय टेकून, तेव्हाच दांडीचा हात सोडला. मिसाओने पांढरा हातमोजा टोपीच्या कडेस लावला. आणि दोघे गर्दीत दिसेनासे होईतोवर तिने दार मिटले नाही.

आगगाडीत बसल्यावर सुमिएबाईंनी पिशवीतून दालचिनीच्या मिठाईची लहानशी पुडी काढली. तांडेलांनी डोळे वटारले. "हे तहात नव्हतं."

"तह मोडलाय मी. सकाळपासूनच."

तांडेलांनी विचार केला, एक वडी उचलली, तोंडात घातली आणि चावता चावताच झोपी गेले. बाईंनी त्यांची मान आपल्या खांद्यावर ओढून घेतली आणि उरलेली पुडी हिमेजी येण्याआधी एकट्याने फस्त केली. न्हाणीघरात ही पुडी वाटली गेली नाही, याची तक्रार अद्याप चालू आहे.

येणेप्रमाणे क्योतोची मोहीम फत्ते जाहली. तेथले नावाजलेले सोनेरी मंदिर घेतले नाही, बाग कुंपणावरून घेतली, टोफूच्या दारी शिकस्त खाल्ली, घारीकडून लूट जाहली. तरी शहर घेतले ऐसेच आम्ही लिहितो, कारण त्या शहरात तांडेलांस जे घ्यावयाचे होते ते त्यांनी घेतले, आणि जे द्यावयाचे होते ते दिले. दुसरे दिवशी कालवांच्या शेडपाशी लोकांनी विचारले, क्योतो कैसे? तांडेल म्हणाले, "महाग आहे. पण रस्ते चांगल्या हातात आहेत." शहरास आपण जिंकलो गेल्याची खबर अद्याप नाही, आणि ते नेहमीप्रमाणे टोफू उकळीत बसले आहे. जैसे ऐकिले तैसे लिहिले. वाचणाऱ्याने पाय टेकून मगच उठावे.